एका मॉकच्या अनेक भरत्या

शंकेखोर : तुझी टेस्टची फाइल वाचली. भरतीसेवेचा मॉक एकच आहे, पण प्रत्येक टेस्टमध्ये तो वेगळं बोलतो. पहिलीत म्हणतो पाणी ४.२ मीटर, दुसरीत ०.६. तिसरीत एक्सेप्शन फेकतो आणि चौथीत दोनदा विचारलं की दोन उत्तरं देतो. खरी सेवा बाजूला ठेवून तिच्या जागी तू एक बनावट वस्तू उभी केलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. युनिट टेस्ट चालवताना इंटरनेटवरून आकडे मागवत बसलो तर दिवस तिथेच जाईल. पण फाइल वाचून आपला फेरीनियोजक काय करतो ते मला कळायला हवं होतं. कळलं ते इतकंच, की तुझ्या मॉकला पुष्कळ सोंगं येतात.

पुरस्कर्ता : ताई, तो दर वेळी वेगळं बोलतो कारण खाडी दर वेळी वेगळी असते. सरावासाठी का होईना, आपण वसई किल्ल्याच्या जेटीवरून भाईंदरला जाणाऱ्या रो-रोच्या फेऱ्या ठरवणारा प्रोग्रॅम लिहितोय. ही फेरी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. सडकेनं ३८ किलोमीटरच्या आसपास पडणारं अंतर पाण्यातून चारच्या आत उरकतं. आपल्या प्रोग्रॅमपुरतं आपण असं ठरवलंय, की नियोजकानं भरतीसेवेला विचारायचं : अमुक वाजता जेटीपाशी पाणी किती? त्यावरून फेरी सोडायची, पुढे ढकलायची की रद्द करायची ते ठरवायचं. निर्णय तीन, मग पाणीही तीन तऱ्हेचं लागणारच. उधाणासाठी मी अमावास्येपर्यंत थांबू का? आणि २६ जुलै २००५ सारखा दिवस? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्यातच भरती. तसा दिवस पुन्हा उजाडू नये, पण उजाडला तर आपलं कोड काय करेल ते मला आज जेवणाच्या सुट्टीआधी कळलं पाहिजे. मॉकला एक ओळ सांगितली, की असं विचारलं तर हे उत्तर दे, की तो दिवस माझ्या टेबलावर हजर. ही सोय टाकून द्या म्हणता?

शंकेखोर : टाकू नकोस. पण ती ओळ तू लिहिलीस कुठे, ते बघ. प्रत्येक टेस्टच्या आधी चालणाऱ्या बिफोर-ईचमध्ये तू ३.८ मीटर ठरवून ठेवलंस. मग ज्या टेस्टला ते नको होतं तिच्यात पुन्हा ‘व्हेन’ लिहून आधीचं खोडलंस. आपण मॉक ज्यानं बनवतो त्या मॉकिटोमध्ये शेवटी सांगितलेलं खरं धरलं जातं, त्यामुळे यंत्राची तक्रार नाही. तक्रार माझी आहे. ‘फेरी वेळेवर सुटते’ अशी तुझी एक टेस्ट आहे. तिच्यात पाण्याचा उल्लेखच नाही. मग फेरी वेळेवर का सुटते? दोनशे ओळी वर कुठेतरी ३.८ लिहिलंय म्हणून. उद्या कोणीतरी स्वतःच्या नव्या टेस्टसाठी त्या ३.८ चे ३.२ करेल आणि त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या पाच टेस्ट लाल होतील. त्याहून वाईट म्हणजे पाचही हिरव्या राहतील आणि आता त्या वेगळंच काहीतरी तपासत असतील, हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय ती एक्सेप्शनची भानगड आहेच. सेटअपमध्ये मॉकला ‘एक्सेप्शन फेक’ सांगितलं असेल आणि टेस्टमध्ये तू नेहमीच्या पद्धतीनं ‘व्हेन’ लिहून ते बदलायला गेलास, तर त्या व्हेनच्या कंसातच मॉकला हाक मारली जाते आणि तो तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकून मोकळा होतो. टेस्ट सुरू व्हायच्या आधीच पडते.

पुरस्कर्ता : तिथे ‘डू-रिटर्न’नं सुरुवात करून उलटं लिहावं लागतं, ते खरंय. मी एक संध्याकाळ त्यात घालवली आहे. पण तुमच्या बोलण्यात आणखी एक धास्ती दिसते, ती आधी दूर करतो. एका टेस्टमध्ये मॉकला शिकवलेलं दुसऱ्या टेस्टमध्ये झिरपतं असं पुष्कळांना वाटतं आणि म्हणून ते जिथेतिथे ‘रीसेट’ लिहितात. आपल्या टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटमध्ये त्याची गरज नसते. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट लिहायला घेतलं. त्यातला एक निर्णय आजही तसाच आहे : प्रत्येक टेस्ट-मेथडसाठी टेस्ट-क्लासची नवी वस्तू बनते. साध्या फील्डमध्ये ठेवलेला मॉक दर टेस्टला कोरा मिळतो. झिरपतं ते मॉक स्टॅटिक केला, किंवा वर्गभर एकच वस्तू वापरा असं जेयुनिटला मुद्दाम सांगितलं, तरच. टेस्टएनजी या दुसऱ्या चौकटीत मात्र सगळ्या मेथडना मिळून एकच वस्तू असते. तिथून आलेली माणसं रीसेटची सवय बरोबर घेऊन येतात. मॉकिटोच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही रीसेटबद्दल नाराजीच आहे. टेस्टच्या मधोमध रीसेट लागला तर ती टेस्ट बहुधा दोन कामं करते आहे.

शंकेखोर : झिरपत नाही, हे मान्य. एकेकाळी जावा ७ आल्यावर रिफ्लेक्शननं मेथडचा क्रम बदलून द्यायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या टेस्ट ठिकठिकाणी लाल झाल्या, कारण त्या एकमेकींच्या उरलेल्यावर जगत होत्या. ते दुखणं मी पाहिलंय, म्हणून धास्ती. पण माझी मूळ हरकत झिरपण्याची नाहीच. टेस्ट ज्या गृहीतावर उभी आहे ते गृहीत वाचणाऱ्याला त्या टेस्टमध्येच दिसतं का, एवढंच मी विचारते. मॉकिटोच्या कडक स्टबिंगनंही तुला तेच सांगितलं होतं. जेयुनिट ५ बरोबर त्याचं एक्स्टेन्शन वापरलं की सेटअपमधला जो स्टब एखाद्या टेस्टला लागलाच नाही, त्या टेस्टला ते ‘विनाकारण स्टबिंग’ म्हणून पाडतं. तुझी ‘रद्द केलेल्या तिकिटावर फेरी नाही’ ही टेस्ट अशीच पडली. तिथे नियोजक पाण्यापर्यंत पोचतच नाही. तू काय केलंस? ३.८ च्या त्या ओळीपुढे ‘लेनियंट’ लावलंस. यंत्र गप्प झालं, बिल्ड पुढे गेला. पण ते बरोबर बोलत होतं : या टेस्टचा पाण्याशी संबंध नाही, तर पाणी इथे आणलंस कशाला?

पुरस्कर्ता : ठीक आहे, सेटअपमधला तो ‘नेहमीचा दिवस’ मी काढतो. सेटअपमध्ये फक्त वस्तू बनवायच्या, कोणी काय बोलावं ते तिथे ठरवायचं नाही. प्रत्येक टेस्ट आपलं पाणी आपल्या तोंडानं सांगेल. त्यासाठी एक छोटी मदतनीस मेथड लिहितो, ‘पाणी इतकं असू दे’ अशा अर्थाची, म्हणजे मॉकिटोचं व्याकरण प्रत्येक टेस्टमध्ये पसरणार नाही. (जावात नावं देवनागरीतही चालतात. ऑफिसात कोणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.) आणि जिथे सात-आठ टेस्टना एकच परिस्थिती हवी, तिथे जेयुनिट ५ मधले आतले वर्ग आहेत : ‘उधाण असताना’ हा एक गट, ‘सेवा बंद असताना’ हा दुसरा. गटाचं नाव वाचलं की गृहीत कळलं. आता तर झालं?

शंकेखोर : निम्मं झालं. गटाच्या आत गट आणि त्याच्या आत आणखी गट केलास की पुन्हा तीच वरखाली धावाधाव, पण ते तुझं तू सांभाळशील. उरलेलं निम्मं जास्त गंभीर आहे. ‘पाणी ०.६ मीटर असेल तर फेरी रद्द’ ही तुझी टेस्ट मी व्हेनची ओळ काढून चालवली. हिरवीच राहिली. का, ते सांग. ज्या मॉकला काहीच शिकवलेलं नाही तो गप्प बसत नाही. लिस्ट मागितली तर रिकामी लिस्ट देतो, वस्तू मागितली तर बहुतेक वेळा नल, आणि आकडा मागितला तर शून्य. भरतीच्या तक्त्यात शून्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा नसतो. सागरी नकाशाची जी आधारपातळी, तितकं पाणी, म्हणजे जवळजवळ तळाला गेलेली ओहोटी. तुझ्या कोऱ्या मॉकनं न विचारता एक खरीखुरी परिस्थिती निर्माण केली आणि तुझी टेस्ट त्या आयत्या ओहोटीवर पास झाली. नल आला असता तर निदान आपटून आवाज तरी झाला असता.

पुरस्कर्ता : हे मला सुचलं नव्हतं. पण यावरचा उपाय सोपा आहे. भरतीसेवेनं नुसता डबल परत करू नये. उंचीसाठी स्वतंत्र प्रकार करावा, किंवा ‘उत्तर आहे अथवा नाही’ असं सांगणारा ऑप्शनल द्यावा. मॉकिटो दोनपासून न शिकवलेला मॉक ऑप्शनलच्या जागी रिकामा ऑप्शनल देतो. म्हणजे मॉकच्या वागण्यावरून आपल्या इंटरफेसमधली खोट सापडली. मॉकचा हाच तर उपयोग! २००० साली सार्डिनियातल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत मॅकिनन, फ्रीमन आणि क्रेग या तिघांनी मॉक ऑब्जेक्टवरचा निबंध मांडला. तेव्हापासून लंडनच्या त्या मंडळींचं सांगणं हेच राहिलंय, की मॉक लिहिता लिहिता आपल्याला शेजाऱ्याकडून नेमकं काय हवंय ते कळतं.

शंकेखोर : हवंय ते कळतं. पण शेजारी ते देऊ शकतो का, ते कोण सांगणार? तुझी ती चौथी टेस्ट, मॉक दोनदा विचारल्यावर दोन उत्तरं देतो ती. त्यात तू भरती सकाळी ६ वाजता दाखवलीस आणि पुन्हा ८ वाजता. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कुठल्याही कोळ्याला ही टेस्ट वाचून दाखव, तो हसेल. आपल्या किनाऱ्याला दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. तुझा मॉक समुद्राला जमत नाही ते करून दाखवतो. आणि ती टेस्ट पास व्हावी म्हणून तू नियोजकात ‘लागोपाठ दोन भरत्या’ नावाची एक शाखा लिहिलीस. ती शाखा तपासली जाते, सांभाळली जाते, नव्या माणसाला समजावली जाते. ती ज्या समुद्रासाठी आहे तो समुद्रच नाही. आता याच्या उलट बाजू बघ. मुंबईच्या किनाऱ्याला दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. तुझ्या सगळ्या टेस्टमध्ये सकाळी ४.२ आणि संध्याकाळीही ४.२, कारण मॉकला एकदा एक उत्तर शिकवलं की तो तेच देत राहतो. नियोजकानं सकाळची उंची जपून ठेवून संध्याकाळी तीच वापरली, तरी तुझी एकही टेस्ट बोंब मारणार नाही. जे घडत नाही ते तू तपासलंस आणि जे रोज घडतं ते निसटलं. दर टेस्टला मॉकचं वागणं बदलायची मोकळीक आहे ना, तिचीच ही दोन टोकं.

पुरस्कर्ता : मग तुम्ही काय कराल?

शंकेखोर : मी मॉक न ठेवता फेक ठेवेन. भरतीसेवेचा खराखुरा वागणारा, पण छोटा अवतार. सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरतीचे तक्ते काढतं. त्यातले काही निवडक दिवस उचलून फेकच्या पोटात ठेवायचे : एक उधाणाचा, एक भांगाचा, पावसाळ्यातला एखादा ४.५ मीटरच्या वरचा, तशा दिवसांची मुंबई महापालिका आधीच यादी लावते. मग टेस्टमध्ये मॉकचं उत्तर बदलायचंच नाही. प्रश्न बदलायचा. तारीख बदलली की पाणी बदलतं, आणि जे बदलतं ते समुद्राच्या नियमानं. सकाळ-संध्याकाळचा फरक आपोआप आला. सहा आणि आठची भरती लिहिताच येत नाही.

पुरस्कर्ता : ऐकायला छान आहे. पण ताई, ३.८ मीटर सेटअपमध्ये लपवला म्हणून तुम्ही मला मघाशी चांगलंच सुनावलंत, आणि आता अख्खं पाणी एका तारखेमागे लपवताय. तुमच्या टेस्टमध्ये वाचणाऱ्याला दिसणार ‘१४ तारीख’. त्या दिवशी पाणी किती होतं ते बघायला तो फेकची फाइल उघडणार. माझ्या टेस्टमध्ये निदान ०.६ असं उघड लिहिलेलं असतं आणि त्याच्याच खाली ‘रद्द’. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी. दुसरं म्हणजे तक्ता कुठला? अपोलो बंदराची नोंद १८७८ पासूनची, भरवशाची, पण अपोलो बंदराचे आकडे वसईच्या खाडीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पावसाळ्यात वरून उल्हास नदीचं पाणी येतं, वाऱ्याचा जोर असतो. तुमचा फेक हीसुद्धा समुद्राबद्दलची एक समजूतच. माझी समजूत चाळीस तुकड्यांत विखुरलेली आहे, तुमची एका जागी गोळा केलेली, इतकाच फरक. आणि तिसरं : सेवा वेळेत उत्तरच देत नाही, अर्धवट उत्तर देते, आकडा फुटांत पाठवते, हे तुमचा फेक कसं दाखवणार? त्यात एक बटण ठेवाल, ‘आता बिघड’ असं. ते बटण प्रत्येक टेस्ट वेगवेगळं दाबेल. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो : टेस्टगणिक बदलणारं वागणं.

शंकेखोर : बटण ठेवावं लागेल, कबूल. तारखेचं म्हणतोस तेही कबूल. तारखेला ‘उधाणाचा दिवस’ असं नाव देऊन थोडं सावरता येईल, पूर्ण नाही. पण ‘इतकाच फरक’ म्हणालास ना, तो फरक इतकासा नाही. गोळा केलेली समजूत तपासता येते. फेकला जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न रोज रात्री खऱ्या सेवेलाही विचारायचे, दोघांनाही तीच टेस्ट लावायची : उत्तर मीटरमध्ये आहे का, दोन भरत्यांमधलं अंतर बारा तासांच्या आसपास आहे का, तक्त्यात नसलेला दिवस विचारला तर काय मिळतं. दोघांचं पटेनासं झालं की सकाळी कळेल. तुझ्या चाळीस टेस्टमधल्या चाळीस व्हेनना असं कुठे उभं करणार? त्यांना जाब विचारायला जागाच नाही. खऱ्या सेवेनं उद्या मीटरऐवजी सेंटिमीटर द्यायला सुरुवात केली तरी तुझ्या चाळीसही टेस्ट हिरव्या राहतील.

पुरस्कर्ता : रात्रीच्या टेस्टचं मी सांगतो. बाहेरच्या सेवेची चावी संपते, तिच्या बाजूनं देखभाल चालू असते, कधी नेटवर्क नसतं. पहिल्या आठवड्यात लाल रंग बघून सगळे धावतात. महिन्याभरानं कोणी मेलही उघडत नाही. तपासण्याची सोय आहे म्हणून तपासणी होतेच असं नाही. म्हणून फ्रीमन आणि प्राइस यांनी २००९ च्या पुस्तकात सांगितलेली रीत मला जास्त पटते. जे आपलं नाही त्याचा मॉक करू नये. बाहेरच्या सेवेला आपला एक पातळ वर्ग गुंडाळावा आणि मॉक करायचा तो त्या आपल्या वर्गाचा. त्याचा करार आपण ठरवतो. ‘पाणी पुरेसं आहे का’ एवढंच तो सांगेल : हो, नाही किंवा कळत नाही. मीटर की सेंटिमीटर, अपोलो बंदर की वसई, ही भांडणं त्या गुंडाळणीच्या आत. तिथे तुमचा फेक ठेवा, रात्रीची टेस्ट ठेवा, काय हवं ते ठेवा. बाहेर माझ्या मॉकला तीनच गोष्टी बोलता येतात आणि तिन्ही शक्य कोटीतल्या आहेत. दर टेस्टला तो वेगळं बोलला तरी अशक्य बोलणार नाही.

शंकेखोर : हे मात्र चांगलं आहे. म्हणजे मॉकचं वागणं किती बदलायचं यावर आपण तास घालवला, आणि खरी गोष्ट अशी, की ज्याचा मॉक करतोय त्याला मुळात किती गोष्टी बोलता येतात त्या कमी करायच्या. माझ्या डोक्यात आता असं बसतंय : ०.६ किंवा ४.२ हे टेस्टचं इनपुट आहे, ते टेस्टमध्ये उघड लिहावं, त्याला कोणी हरकत घेऊ नये. पण ‘सेवा सहाला भरती म्हणते आणि आठला पुन्हा म्हणते’ हे इनपुट नव्हे. जग असं वागतं, हा तू केलेला दावा आहे. दावे टेस्टमध्ये विखरू नयेत.

पुरस्कर्ता : आणि ‘सेवा वीस सेकंद उत्तर देत नाही’ हे काय? इनपुट की दावा?

शंकेखोर : दावा. कारण ती खरंच तशी वागते की ताबडतोब चूक कळवते, हे तुला माहीत नाही.

पुरस्कर्ता : मी त्याला इनपुट म्हणतो. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या थांबल्या. त्या दिवशी कुठली सेवा कशी वागेल हे आधी कोणी कराराच्या कागदावर लिहून दिलं होतं? जे कोणी कबूल केलेलं नाही, तेच नेमकं तपासायला मला मॉक हवाय. शक्य काय आणि अशक्य काय याची यादी आधी करायची, तर ती यादी करणारा माणूस जितका कल्पक तितकीच ती लांब होणार.

शंकेखोर : मग सहा आणि आठच्या भरतीलाही हेच लागू करशील. कुठे थांबायचं ते सांग.

पुरस्कर्ता : समुद्र चुकत नाही तिथे थांबेन. समुद्राबद्दल सांगणारी सेवा माणसांनी लिहिलेली आहे, तिच्या बाबतीत थांबणार नाही. आणि सेवेतल्या एखाद्या बगमुळे सहा आणि आठ हे उत्तर खरंच आलं तर?

शंकेखोर : तर नियोजकानं ते फेटाळावं, फेरी त्यावर आखू नये. तुझ्या टेस्टनं उलट शिकवलं होतं.

इथे हा संवाद थांबवतो. दोघांनी स्प्रिंग या जावा चौकटीचा विषय काढला नाही, तो काढायला हवा होता, कारण महाराष्ट्रात रोजच्या पोटापाण्याचं जावा बरंचसं स्प्रिंगवर चालतं. तिथे मॉकबीन लावून प्रत्येक टेस्ट-वर्गात वेगवेगळ्या वस्तूंचे मॉक केले, की स्प्रिंगला आधी उभा केलेला काँटेक्स्ट वापरता येत नाही आणि प्रत्येक निराळ्या संचासाठी स्प्रिंग नवा काँटेक्स्ट बांधतं. बिल्डला लागणारा वेळ त्यातच जातो. मॉकबीन आता जुनं ठरवलं गेलंय आणि त्याच्या जागी मॉकिटोबीन आलंय, तरी ही किंमत सुटलेली नाही. मॉक कोणाकोणाचे करायचे ते शक्य तितक्या वर्गांत सारखं ठेवावं आणि बदलायचंच तर त्यांचं बोलणं बदलावं, हा इथला व्यवहार आहे. पुरस्कर्त्याची बाजू इथे जड होते, असं माझं मत.

आणि वाचकाला एक विनंती. तुमच्या प्रकल्पातली मॉक असलेली कुठलीही एक टेस्ट-फाइल घ्या. तिच्यातली व्हेनची एकेक ओळ बंद करून टेस्ट चालवा. जी टेस्ट तरीही हिरवी राहते, तिचं मॉकबद्दलचं गृहीत आज कोणीच तपासत नाही. ती दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका.